चाळ ‘व्हय’ म्हणेल असा अर्ज

त्या वर्षी आमच्या घरी ‘रिग्रेट’ नावाचा एक पाहुणा नेमाने येत असे. तो थेट माझ्याकडे येत नसे. आधी शिवडीला बाबांच्या गोदामात उतरायचा, तिथल्या मंडळींची ओळखपाळख करून घ्यायचा आणि संध्याकाळी बाबांच्या शर्टाच्या खिशात बसून लालबागला घरी यायचा. त्याचं कारण असं की घरात इंटरनेटचा फोन एकच होता, तो बाबांचा, आणि माझे ईमेल त्याच्यावरच उघडायचे. बाबा गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या पेट्यांची नोंद ठेवत. फोन ‘टिंग’ झाला की ते चष्मा पुसत आणि कोर्टातल्या बेलिफासारखे मोठ्याने वाचत, ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू.’ त्या क्षणी गोदामातले सगळे माथाडी पाठीवरची पोती खाली ठेवत आणि बंदरातली क्रेन माल हवेत धरून थांबत असे, असं बाबांचं म्हणणं. आमच्या घरात खोटं कुणी बोलत नाही. फक्त खरं जेवढ्यास तेवढं सांगितलं तर ते आम्हाला उपाशी राहिल्यासारखं वाटतं. घरी आल्यावर बाबा चपला काढता काढताच सांगत, “आज एक रिग्रेट आला गो. साबणवाल्यांचा.” आणि आई आतून विचारी, “चाय पिऊन इलो मा?”

मी तेव्हा परळच्या एका कॉलेजात मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला होते. मॅनेजमेंट हा शब्द आमच्या चाळीत पहिल्यांदा माझ्यामुळे आला, त्यामुळे त्याचा अर्थ मी सांगेन तोच धरला जाई. कॉलेजचा नियम असा होता की सुट्टीचे दोन महिने प्रत्येकाने कुठेतरी खऱ्या ऑफिसात काम करायचं आणि त्याचा दाखला आणायचा. दाखला नाही तर तिसऱ्या वर्षात बसायचं नाही, सरळ घरी. इंटर्नशिप म्हणतात तिला. पगार नाही, चहा मिळाला तर नशीब, आणि एवढ्या फुकट कामासाठीही मला मुंबईत कुणी उभं करत नव्हतं! गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या इमारती आमच्या गॅलरीतून दिसायच्या. संध्याकाळी त्यांच्या काचांवर ऊन पडलं की मला वाटे, सगळ्या मिळून माझ्याकडे बघून दात काढतायत.

माझी मैत्रीण शर्वरी गिरगावातली. त्यांच्या घरात पणजोबांपासून कुणीतरी कचेरीत, कुणीतरी कोर्टात. कुठल्याही कामाचं नाव काढा, त्या क्षेत्रात तिचा एक काका निघायचा. वकील काका, बँकेतले काका, एक तर नुसतेच काका होते, पण त्यांनाही सगळे ओळखत. तिची इंटर्नशिप दिवाळीतच ठरली. मात्र मनाने ती सोन्यासारखी. तिने आपला अर्ज मला नमुना म्हणून दिला, आणि मी तो नमुना घेऊन जे केलं ते आमच्या घराण्याला शोभेसं केलं. तिने लिहिलं होतं ‘नेतृत्वगुण’, मी केलं ‘असाधारण नेतृत्वगुण’. तिने लिहिलं ‘इंग्रजीवर चांगलं प्रभुत्व’, मी केलं ‘अस्खलित इंग्रजी, फ्रेंचचा परिचय’. फ्रेंचचा परिचय म्हणजे मला ‘बोंजूर’ माहीत होतं. ‘दबावाखालीही शांत राहून काम करते’ हे वाक्य तिच्या अर्जात नव्हतंच, ते माझं स्वतःचं. हा अर्ज मी बँकेला पाठवला, साबणवाल्यांना पाठवला, जाहिरातवाल्यांना पाठवला. विमा कंपनीला पाठवलेल्या अर्जात वरती बँकेचं नाव तसंच राहून गेलं होतं, तरी त्यांनी रिग्रेट किती अदबीने पाठवला! आता वाटतं, त्या माणसाला भेटून चहा पाजायला हवा.

त्या दिवसांत माझं बूड म्हणून कुठे टेकत नव्हतं. त्यात मसाल्याचा मोसम. लालबागला फेब्रुवारी सरला की हवाच तिखट होते. खाली गल्लीत मसाला कुटायचे डंक सकाळपासून धाडधाड चालू, लोखंडी मुसळं खाली-वर, खाली-वर, आणि त्या तालावर चाळीच्या जिन्यापासून माझ्या छातीपर्यंत सगळं हलत असे. आई ओळखीच्या घरांसाठी मसाला करून द्यायची. म्हणजे आमच्या एका खोलीत धणे, खसखस, दगडफूल, बडीशेप, सगळं लोखंडी कढईत भाजलं जायचं आणि मिरच्या भाजायला घेतल्या की तिन्ही माळ्यांवर एकदम शिंका. शिंकताना समोरच्या चाळीतला एक माणूस गॅलरीतून खाली पडला होता, आणि पडला तोही मिरच्यांच्या पोत्यांवर, म्हणून वाचला. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच झालंय. या धुरात मी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायची, जेवताना उठून फेरी मारायची, बाबा यायच्या वेळेला तर जिना उतरून नाक्यापर्यंत जाऊन परत यायची.

“काय गो, पिंजऱ्यातल्या वाघासारख्या फेऱ्यो मारतंस?” शेजारच्या मंदा काकी उंबऱ्यात मिरच्यांचे देठ काढत बसलेल्या असत. “लाद्यो झिजतीत. मालक भाडा वाढवतलो.”

“काकी, माझं आयुष्य टांगलंय!”

“टांगला आसा तर एका जाग्यार तरी रव. माका भोवळ येता.”

मग एका संध्याकाळी बाबांनी तोडगा आणला. रे रोडला लाकडाची एक वखार होती, तिचा शेठ बाबांच्या ओळखीचा. “शेठ सही-शिक्का द्यायला तयार आहे,” बाबा म्हणाले. “दोन महिने प्रशिक्षण घेतलं, वर्तणूक चांगली. तुला जायची पण गरज नाही.”

“लाकडाच्या वखारीत ह्या चेडू काय शिकला म्हणान सांगतलास?” आई म्हणाली. “भुसो उडवूक?”

“अगो, वाचतंय कोण? कॉलेजला कागद पाहिजे. तिच्या वर्गातली निम्मी पोरं असंच करतात.”

आणि ते खरं होतं. मी मोठा हरिश्चंद्राचा अवतार होते म्हणून नको म्हटलं असं नाही. मला नुसतं वाटत होतं की एवढ्या मोठ्या मुंबईत, एवढ्या दारांपैकी, एका दारातून तरी कुणीतरी मला ‘ये’ म्हणावं. शिक्का मारून ते मिळणार नव्हतं. “पाडव्यापर्यंत तुझं तू बघ,” बाबा म्हणाले. “पाडव्याला मी शेठला हो सांगणार. वर्ष फुकट घालवायची आपली ऐपत नाही, बाय.”

पाडव्याच्या आधी येतो शिमगा. आमची सगळी चाळ कोकणातली, त्यामुळे होळी पेटली की गाऱ्हाणं हे झालंच पाहिजे. ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चाळीतला एक जाणता माणूस हात जोडून देवाला साद घालतो आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न, कुणाचा कोर्टातला दावा. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, कारण नुसतं एकाचं बोलणं ही अफवा, सगळ्यांचा होकार आला की ती साक्ष. आमचे गाऱ्हाणेकार म्हणजे तिसऱ्या माळ्यावरचे तात्या. आवाज असा की ते ‘बा देवा’ म्हणाले की परळच्या पुलावरचे टॅक्सीवाले ब्रेक दाबत. आणि या आवाजाचा त्यांना भलता तोरा. होळीच्या आधी आठवडाभर ते कुणाशी बोलत नसत, घसा राखत, नुसते मानेने हो-नाही करत.

आईने माझं मागणं घालायला त्यांना सांगून ठेवलं होतं. पण मी म्हटलं, कंपन्यांना पटत नाही तर निदान देवाला तरी व्यवस्थित कळू दे. मी तात्यांना जिन्यात गाठलं आणि माझा अर्ज मराठीत करून त्यांच्याकडून घोकून घेतला. असाधारण नेतृत्वगुण, अस्खलित इंग्रजी, दबावाखाली शांत. तात्यांना ते शब्द फार आवडले. घसा राखायचा म्हणून बोलले नाहीत, पण माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी अंगणात होळी रचली, नारळ बांधले, बायकांनी पुरणपोळीचे नैवेद्य आणले. होळी पेटली, बोंबा झाल्या, आणि तात्यांनी उपरणं सावरलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या शिमग्याच्या दिवशी तुझी ही लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत!”

“व्हय म्हाराजा!”

दोन-तीन घरांची मागणी झाली. मग माझी पाळी.

“ह्या पैल्या माळ्यावरचा चेडू, प्रणाली. अर्ज करून करून दमला!”

“व्हय म्हाराजा!” हे इतकं जोरात आलं की मला भरून आलं.

“त्येच्याकडे असाधारण नेतृत्वगुण आसत!”

‘व्हय’ काही आलं नाही. होळीत एक लाकूड फटकन फुटलं. तात्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी टॅक्सीवाले थांबवणाऱ्या आवाजात पुन्हा म्हटलं. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

“तात्यानू,” मंदा काकी म्हणाल्या, “ता काय आसता?”

“फुडारपण गो, फुडारपण! व्हय म्हणा.”

“ह्येचा? ह्येच्या घरचा मांजर तरी ह्येचा ऐकता काय?”

हशा पिकला. तात्यांनी हात वर करून तो दाबला आणि पुढे रेटलं, “फाडफाड इंग्रजी बोलता!” मागून पोरांनी “नाय म्हाराजा!” केलं. “दबावाखाली शांत रवता!” मी आईकडे बघितलं. तिने ‘व्हय’साठी तोंड उघडलं होतं. सख्खी आई माझी! तिने ते हळूच मिटलं आणि होळीकडे बघत राहिली. बाबांना अचानक नारळाची दोरी तपासावीशी वाटली.

तात्या संतापले. त्यांच्या उभ्या जन्मात गाऱ्हाणं असं मध्येच अडकलं नव्हतं. “व्हय म्हणा रे! देव खोळंबलोहा!”

“देवाफुडे खोट्याक व्हय कसा म्हणतलंव?” काकी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. “पाप आमका लागतला. आणि धाडूचा खंय ह्येका? कंपनीचा नाव खंय आसा त्येच्यात?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “नाव सांग गो.”

“सगळ्याच,” मी म्हटलं. “कुठलीही चालेल.”

“सगळ्यो! देव काय पोस्टमन आसा, घराघरात विचारीत फिरतलो?”

आता तात्यांपुढे इज्जतीचा प्रश्न होता. गाऱ्हाणं घातलं की पुरं झालंच पाहिजे, अर्धवट सोडलं तर वर्षभर चाळीत जे काही फुटेल-तुटेल ते त्यांच्या नावावर. “मग ह्या चेडवाक येता तरी काय?” ते गरजले. “तुमीच सांगा!”

आणि चाळ सुटली. मला आधी वाटलं, माझी आणखी शोभा होणार, म्हणून मी जिन्याकडे सरकले होते. कुणीतरी ओरडलं, “गणपतीत रांग धरता!” त्याच्यावर “व्हय म्हाराजा!” एक म्हातारी म्हणाली, “माका परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला, केसपेपर काढलान, डॉक्टराक दोनदा विचारून घेतलान!” “व्हय म्हाराजा!” दुसरे एक आजोबा म्हणाले, त्यांचे डोळे दाखवायच्या वेळेला मीच होते. “व्हय म्हाराजा!” “अनोळखी माणसाकय बोलता करता!” “व्हय म्हाराजा!” “भांडाण सोडवता!” “आधी लावता, मगे सोडवता!” मंदा काकींनी दुरुस्ती केली, आणि त्या दुरुस्तीवर आला तेवढा मोठा ‘व्हय म्हाराजा’ त्या होळीला दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही. तात्यांनी संधी साधली आणि उरलेला सगळा घसा एका वाक्यात ओतला, “तर जा काय ह्येका येता, त्येची किंमत असलेला दार ह्येका दाखव रे म्हाराजा!”

मी वर पळाले. रागाने, लाजेने, नैवेद्याची पोळीसुद्धा न खाता. नंतर खाल्ली, पण ती रागाने खाल्ली. खोलीत फेऱ्या मारता मारता एक गोष्ट मात्र डोक्यात अशी बसली की हलेना. ज्या हॉस्पिटलात मी चाळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना घेऊन गेले होते, ते हॉस्पिटल काही कंपनी नव्हतं म्हणून मी तिकडे अर्जच केला नव्हता. मॅनेजमेंट म्हणजे काच, लिफ्ट आणि गळ्यातलं ओळखपत्र, एवढंच मी धरून चालले होते.

धुळवड ओसरल्यावर शर्वरी आली, केसात गुलाबी रंग तसाच. आम्ही गॅलरीत चटई टाकून नवा अर्ज लिहायला बसलो आणि मी नियम केला, प्रत्येक वाक्य मंदा काकींना वाचून दाखवायचं. त्या ‘व्हय’ म्हणाल्या तर ठेवायचं.

“अगं, असं लिहितात का कुठे?” शर्वरी म्हणाली. “सुरुवातीला स्वतःबद्दल दोन चांगल्या ओळी असाव्या लागतात.”

“आधी दार कुणाचं ते. नाहीतर देव पोस्टमन होतो.”

तर पहिलं वाक्य असं झालं की आपल्या रुग्णालयात मी शेजाऱ्यांना घेऊन अनेकदा आले आहे. व्हय. डोळ्यांच्या विभागाची पाटी जिन्याच्या मागे असल्यामुळे म्हातारी माणसं आधी हाडांच्या रांगेत उभी राहतात, आणि नंबर लागल्यावर त्यांना कळतं. “व्हय गो बाय, माजा तसाच झाला!” मला मराठी, मालवणी आणि हिंदीत कुणाशीही बोलता येतं, इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. “अडखळते हे कशाला?” शर्वरीने कपाळावर हात मारला. काकींनी देठ काढायचं थांबवून तिच्याकडे बघितलं. “खरा आसा ता. रवांदे.” सुट्टीचे दोन महिने मला केसपेपरच्या खिडकीबाहेर उभं राहून लोकांना योग्य रांगेत पोचवायचं काम हवं आहे. व्हय. मग मला मोह आवरला नाही आणि मी घुसडलं, ‘माझा स्वभाव शांत आहे.’ काकींनी मिरची हातात धरून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खोडलं. शर्वरीने भाषा नीट केली, काना-मात्रा तपासल्या, ते उपकार तिचेच, आणि जाताना म्हणाली, “प्रणाली, हा अर्ज वाचताना मला पहिल्यांदा तू दिसलीस. आधीच्यात मीच होते, जरा जाड केलेली.”

आता माझ्या टेबलावर दर वर्षी इंटर्नशिपसाठी मुलांचे अर्ज येतात. सगळी मुलं असाधारण असतात, सगळी दबावाखाली शांत. मी त्यांना परत बोलावते आणि म्हणते, बाळा, हे तुझ्या शेजारणीला वाचून दाखवलंस का? मुलांना वाटतं, बाईंचं वय झालं. चाळिशी अजून गाठायची आहे माझी, पण मी सांगतेच अशी की ऐकणाऱ्याला मी सत्तरीची वाटते. त्याला इलाज नाही.

अर्ज गेला आणि मग रिग्रेटसुद्धा येईना. हे त्याहून वाईट. पाडवा जवळ यायला लागला, बाबा शेठचं नाव काढत नसत, पण जेवताना उगाच खाकरत. मी एवढी चालले की गॅलरीतून सरळ चालत गेले असते तर सावंतवाडीला पोचले असते. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन वाजला तो चक्क वाजला, टिंग नाही. गोदामात ट्रक मागे घेत होते, बाबा एका कानात बोट घालून ओरडत होते, “कोण? हॉस्पिटल? कोणाला काय झालं?” पलीकडच्या बाईंनी सांगितलं, कुणाला काही झालेलं नाही, मुलीला आत्ता पाठवून द्या. बाबांनी चाळीशेजारच्या दुकानात फोन करून निरोप दिला, तोही असा की आईला वाटलं बाबांनाच काहीतरी झालंय. ती रडायला लागली, मग निरोप नीट कळल्यावर हसायला लागली आणि मला स्वतःची लग्नातली साडी नेसवायला निघाली. मी होते त्या ड्रेसवर धावले.

रुग्णालयाच्या अधीक्षक बाई बारीक, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. माझा अर्ज त्यांच्यापुढे होता. त्यांनी बसा म्हटलं नाही.

“पाटी जिन्याच्या मागे आहे, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो मॅडम.”

“मी जाऊन बघून आले. आहे.” त्या उठल्या. “चला.”

बाह्यरुग्ण विभागाच्या दालनात मला त्यांनी नेऊन उभं केलं. काय सांगू, अख्खा गिरणगाव तिथे खोकत उभा होता. रांगा एकमेकींत शिरलेल्या, कुणी पिशवी ठेवून रांग धरलेली, कुणी पिशवीवर बसलेलं. “अर्जात म्हणता तुम्हाला जमतं,” बाई म्हणाल्या. “दाखवा.”

पूर्वीचा अर्ज असता तर मी काहीही दाखवू शकले नसते, पण मग बाईंनी दाखवा म्हटलंही नसतं. यात लिहिलेलं खरं होतं म्हणूनच मी फसले होते. मी तोंड उघडलं आणि आतून उंदीर बाहेर आला. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी पुन्हा प्रयत्न केला, “कृपया सर्वांनी—” तेवढ्यात पुढची एक म्हातारी, डोळ्यांना हिरवी पट्टी बांधलेली, कानाशी हात नेऊन म्हणाली, “काय म्हणतंस गो? मोठ्यान बोल, माका दिसना नाय!”

“आजी, ही रांग हाडांची!” मी ओरडले. “डोळ्यांची तिकडे, जिन्याच्या मागसून! हाडां हंयसर रवांदेत, डोळे माझ्या मागसून येवा! आणि ती पिशवी कोणाची आसा? पिशवेक डॉक्टर तपासणा नाय, मालकाक पुढे धाडा!”

दालनात हसू फुटलं, आणि हसू फुटलं की माणसं हलतात, हे मला गणपतीच्या रांगेपासून ठाऊक आहे. अर्धी हाडं डोळेच निघाली. लोक मला विचारायला लागले, मी सांगायला लागले, आजीने माझं मनगट पकडलं ते सोडेचना. किती वेळ गेला कोण जाणे, बाई खांबाला टेकून बघत होत्या. मग त्या माझ्याजवळ आल्या.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या पाडव्याची सुट्टी. परवापासून या.”

मी हो म्हणायच्या आत आजीने माझं मनगट आणखी घट्ट धरलं आणि बाईंच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“परवा कशाक गो बाय?” ती म्हणाली. “माजो नंबर आज आसा. चल!”